अ‍ॅडलेडची मेडीआ

1924 ते 1935 या काळात ऑस्ट्रेलियन नटी ज्युडिथ अँडरसनने न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर जी नाटकं केली, त्यांतल्या सहांचे हॉलिवूडने पुढेमागे चित्रपट केले. ‘कोब्रा’च्या चित्रपटात तिच्या जागी निटा नाल्डी आली, ‘द डव्ह’मध्ये नॉर्मा टॅल्मॅज. युजीन ओनीलच्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’मधली नीना नॉर्मा शिअररकडे गेली आणि पिरांदेल्लोच्या ‘अ‍ॅज यू डिझायर मी’ची नायिका ग्रेटा गार्बोकडे. ‘द ओल्ड मेड’मधली तिची डेलिया मिरियम हॉपकिन्सने केली. ओनीलच्याच ‘मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा’मधली लॅव्हिनिया रोझलिंड रसेलने केली. सहाही वेळा स्टुडिओंनी नाटक घेतलं आणि ज्युडिथला वगळलं.

कारण उघड होतं. त्या काळचा अमेरिकन सिनेमा चेहऱ्यांवर चालत होता. ज्युडिथची उंची बेताची, नाक धारदार, ओठ पातळ, नजर रोखलेली. जाहिरातीत छापून तिकिटं खपवावीत असा हा चेहरा नव्हे, असं स्टुडिओवाल्यांचं मत होतं. तिच्याकडे होता तो आवाज, शरीरावरचा ताबा आणि दोन-अडीच तास हजार माणसांना खिळवून ठेवण्याचा दम. या गुणांची किंमत रंगभूमीला कळत होती, म्हणून ती तिथेच मोठी झाली.

तिची कारकीर्द 1915 साली सिडनीत सुरू झाली आणि 1980च्या दशकात कॅलिफोर्नियात संपली. पडद्याची लोकप्रियता आणि रंगमंचाची थोरवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या स्पष्टपणे दाखवून देणारी दुसरी कारकीर्द विसाव्या शतकात क्वचितच सापडेल. म्हणून ती मुळापासून सांगायला हवी.

आवाजाची शाळा

फ्रान्सिस मार्गारेट अँडरसन हे तिचं मूळ नाव. जन्म 10 फेब्रुवारी 1897, दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी अ‍ॅडलेड. चार भावंडांत ती शेंडेफळ. ती लहान असतानाच वडील घर सोडून गेले आणि आईने, जेसी अँडरसनने, एकटीने संसार ओढला. ही आई पुढे मुलीबरोबर सिडनीला गेली आणि तिथून अमेरिकेलाही.

त्या काळी ऑस्ट्रेलियात नाट्यशिक्षणाची संस्था अशी नव्हती. होती ती वक्तृत्वाची आणि काव्यपठणाची परंपरा. गावोगावी स्पर्धा भरत. त्यांत मुलं-मुली शेक्सपिअरची स्वगतं आणि लांबलचक कथाकाव्यं पाठ म्हणत. परीक्षक उच्चार, श्वास आणि आवाजातले चढउतार यांवर गुण देत. अ‍ॅडलेडमध्ये लॉरेन्स कॅम्पबेल हे या विद्येचे नामांकित शिक्षक होते. फ्रान्सिस त्यांच्याकडे शिकली. श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे तोडायचं, कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत कशी पोचवायची, हे सगळं तिच्या अंगात मुरलं ते इथे. पुढे अमेरिकन समीक्षक तिच्या ज्या आवाजाबद्दल भरभरून लिहीत, त्याची बैठक अ‍ॅडलेडमधल्या या शिकवणीत होती.

1915 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सिडनीच्या थिएटर रॉयलमध्ये ‘अ रॉयल डिव्होर्स’ या नेपोलियन-जोसेफीनच्या नाटकात तिने पहिलं व्यावसायिक पाऊल टाकलं. फ्रान्सी अँडरसन हे तिने घेतलेलं नाव. प्रमुख भूमिकेत होता ज्युलियस नाइट, ब्रिटनहून आलेला आणि ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांचा लाडका नट.

ब्रिटनहून आलेला नायक आणि स्थानिक दुय्यम नटी ही जोडी त्या काळच्या व्यवस्थेचा नमुनाच होती. ऑस्ट्रेलियन नाटकाचा धंदा बहुतांशी जे. सी. विल्यमसन यांच्या कंपनीच्या हातात होता. लोक तिला नुसतं ‘द फर्म’ म्हणत. थिएटरं तिची, दौरे तिचे. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये चाललेलं नाटक आणायचं, मुख्य नट तिकडून बोलवायचे आणि बाकीच्या जागा स्थानिकांनी भरायच्या, अशी तिची पद्धत. सिनेमाची स्थितीही फारशी वेगळी राहिली नाही. 1906 साली ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ हा तासाभराहून मोठा कथापट काढून ऑस्ट्रेलियाने जगाच्या पुढे पाऊल टाकलं होतं. पण पहिलं महायुद्ध येईपर्यंत वितरणाची सूत्रं मोजक्या हातांत गेली आणि परदेशी चित्रपट दाखवणं हाच किफायतशीर धंदा ठरला. मोठं व्हायचं तर देश सोडायचा, हे प्रत्येक गुणी ऑस्ट्रेलियन नटाला उमजून चुकलं होतं. ऑस्कर अ‍ॅश आधीच लंडनला गेला होता. पुढे रॉबर्ट हेल्पमन, कोरल ब्राउन आणि लिओ मॅककर्न त्याच वाटेने गेले. बहुतेकांनी लंडन गाठलं. फ्रान्सी अँडरसनने 1918 साली अमेरिकेची बोट पकडली.

हॉलिवूडचं बंद दार, न्यूयॉर्कची लांब रांग

तिच्याजवळ एक ओळखपत्र होतं, सेसिल बी. डिमिल या नामवंत दिग्दर्शकाच्या नावाचं. हॉलिवूडमध्ये त्याचा उपयोग झाला नाही. मायलेकी न्यूयॉर्कला गेल्या. इन्फ्लुएंझाच्या साथीचे ते दिवस. काम मिळालं ते फोर्टीन्थ स्ट्रीटवरच्या एका स्टॉक कंपनीत. स्टॉक कंपनी म्हणजे ठराविक नटसंच आणि दर आठवड्याला नवं नाटक. रात्री एक प्रयोग करायचा, दिवसा पुढच्याची तालीम आणि मधल्या वेळात पाठांतर. नटाच्या अंगावरची चरबी उतरवणारी ही उमेदवारी. तिथून ती विल्यम जिलेटच्या कंपनीबरोबर ‘डिअर ब्रूटस’च्या दौऱ्यावर गेली. ब्रॉडवेवर स्वतःच्या नावाने उभं राहायला तिला पाच-सहा वर्षं लागली. 1923च्या सुमारास तिने ज्युडिथ हे नाव घेतलं.

1924च्या ‘कोब्रा’ने ते नाव गाजवलं. पुरुषांना जाळ्यात ओढणाऱ्या बाईची ती भूमिका होती. रूपावर चालणारी भूमिका या सामान्य चेहऱ्याच्या नटीने चाल, नजर आणि आवाज यांवर पेलून दाखवली. पुढच्याच वर्षी डेव्हिड बेलास्कोसारख्या बड्या निर्मात्याने तिला ‘द डव्ह’मध्ये घेतलं.

यशाच्या या लाटेवर 1927 साली ती मायदेशी गेली. ‘टी फॉर थ्री’, ‘द ग्रीन हॅट’ आणि ‘कोब्रा’ अशी तीन आधुनिक नाटकं तिने नेली. स्वागत थंड झालं. तिथल्या प्रेक्षकांना आणि वृत्तपत्रांना या नाटकांतल्या बायका पसंत पडल्या नाहीत. मायदेशाने दाद देण्याआधी जग जिंकावं लागेल हा धडा घेऊन ती परतली. त्यानंतर ऑस्ट्रेलियात तिचा प्रयोग व्हायला 28 वर्षं जावी लागली.

न्यूयॉर्कमध्ये मात्र काळ तिच्या बाजूने वळत होता. अमेरिकन नाटक करमणुकीची चाकोरी सोडून माणसाच्या मनाच्या तळाशी उतरू लागलं होतं. त्याचा म्होरक्या युजीन ओनील. त्याच्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’चे नऊ अंक. प्रयोग संध्याकाळी सव्वापाचला सुरू होई, मध्ये जेवणाची सुट्टी, मग रात्री उशिरापर्यंत पुढचे अंक. पात्रं एकमेकांशी बोलतात ते वेगळं आणि मनात घोळतं ते वेगळं. दोन्ही प्रेक्षकांना ऐकू यायला हवं. बोलणं आणि मनातलं यांची सरहद्द नटाने फक्त आवाजाच्या पट्टीने आणि अंगाच्या स्थिरतेने दाखवायची. लिन फाँटेनने ही नीना प्रथम उभी केली. 1928 साली ज्युडिथने तिच्याकडून ती घेतली. दुसऱ्याने गाजवलेल्या भूमिकेत शिरणं हे नटाच्या दृष्टीने धोक्याचं काम. ज्युडिथने ते पुन्हा 1932 मध्ये केलं. ‘मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा’ या ग्रीक शोकांतिकेच्या अमेरिकन अवतारात अ‍ॅलिस ब्रेडीनंतर लॅव्हिनिया तिच्याकडे आली. ग्रीक शोकांतिकेच्या प्रदेशातलं तिचं हे पहिलं मोठं पाऊल, आणि पुढे त्या प्रदेशात तिची बरोबरी करणारं कोणी राहिलं नाही.

1936 साली जॉन गिलगुडचा ‘हॅम्लेट’ न्यूयॉर्कला आला. ज्युडिथ त्यात राणी गर्ट्रूड झाली आणि मूकपटांची तारका लिलियन गिश ओफेलिया. 132 प्रयोग झाले, त्या काळात ब्रॉडवेवरच्या ‘हॅम्लेट’साठी हा विक्रम होता. गिलगुड हा शब्दांचा, लयीचा नट. शेक्सपिअरच्या ओळीचं वजन जाणणारी नटी त्याला या नाटकात भेटली. अकरा वर्षांनी या ओळखीला मोठं फळ आलं.

खून करवणारी बाई

1937च्या अखेरीस लंडनच्या ओल्ड विकमध्ये ‘मॅकबेथ’ होतं. मॅकबेथ तिशीतला लॉरेन्स ऑलिव्हिए, लेडी मॅकबेथ चाळिशीतली ज्युडिथ, दिग्दर्शक फ्रेंच मिशेल सँ-देनी. नाटक उभं राहत असताना ओल्ड विक घडवणारी लिलियन बेलिस गेली. ‘मॅकबेथ’ला अपशकुनी मानणाऱ्या इंग्रजी नटमंडळींनी ही घटना पुढे कित्येक वर्षं सांगितली. ज्युडिथला मात्र या नाटकाने जन्माची सोबत दिली.

1941च्या नोव्हेंबरात मार्गारेट वेब्स्टरच्या दिग्दर्शनाखाली मॉरिस इव्हान्सबरोबर तिने न्यूयॉर्कमध्ये पुन्हा लेडी मॅकबेथ केली. पडदा उघडून महिना झाला नाही तोच पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. तरी नाटक 131 प्रयोग चाललं. पुढे इव्हान्स सैन्याच्या करमणूक विभागात अधिकारी झाला, तेव्हा हवाईत तैनात असलेल्या सैनिकांसमोरही दोघांनी हे नाटक केलं. शेक्सपिअर कधी न पाहिलेली पोरं पुढ्यात बसलेली, आणि सत्तेसाठी रक्त सांडणाऱ्या नवराबायकोची ही गोष्ट.

1954 साली याच जोडीने अमेरिकन टेलिव्हिजनवर ‘मॅकबेथ’ थेट प्रक्षेपित केलं आणि ज्युडिथला एमी पुरस्कार मिळाला. 1960 साली स्कॉटलंडमध्ये जाऊन त्यांनी ते चित्रित केलं आणि तिला त्याच भूमिकेसाठी दुसरी एमी मिळाली. इकडे मराठीतही शेक्सपिअरच्या याच नाटकाला नवं रूप मिळालं ते 1954मध्येच, वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’ने. त्यात दुर्गा खोटे यांनी ही करारी राणी उभी केली. एकाच सुमारास दोन गोलार्धांत दोन थोर नटी एकाच व्यक्तिरेखेला भिडत होत्या.

लेडी मॅकबेथच्या झोपेत चालण्याच्या प्रवेशात ज्युडिथचं वैशिष्ट्य कळतं. हा प्रवेश ओरडून, छाती पिटून करण्याची चाल जुनी आहे. ज्युडिथ हात चोळत राहते, बोटांकडे बघत राहते, आणि डोळे उघडे असूनही तिला काही दिसत नाही हे आपल्याला स्पष्ट कळतं. पहिल्या अंकात नवऱ्याला हुकूम सोडणारा आवाज इथे पार पिचलेला असतो. दोन्ही आवाज एकाच बाईचे आहेत हे पटवणं, ही या भूमिकेची खरी परीक्षा.

मँडरलीची कारभारीण

मधल्या काळात सिनेमाने तिला चाचपून पाहिलं होतं, 1933च्या ‘ब्लड मनी’मध्ये. त्यातून पुढे काही घडलं नाही. मग 1940 साली निर्माता डेव्हिड सेल्झनिक आणि दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘रिबेका’त तिला मिसेस डॅनव्हर्सची भूमिका मिळाली. त्या वेळी तिचं वय 43.

दाफ्ने द्यु मॉरिएची ही कथा मराठी वाचकाला परिचित आहे. श्रीमंत विधुराशी लग्न करून एक साधी मुलगी मँडरली या वाड्यात येते. वाड्याची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स पहिल्या मालकिणीची, मेलेल्या रिबेकाची, अजून पूजा करते आणि नवीला पावलोपावली खच्ची करते.

हिचकॉकने ही बाई पडद्यावर फारशी चालताना दाखवलीच नाही. नायिका वळून बघते, तर मिसेस डॅनव्हर्स उभी असते. ती आली कधी, कुठून, हे कळत नाही. रंगमंचावर भल्यामोठ्या हालचाली करणाऱ्या नटीने इथे हालचाल जवळजवळ काढूनच टाकली. काळा पोशाख, पोटाशी जुळवलेले हात, क्वचितच लवणारी पापणी. रिबेकाच्या शयनगृहाचा प्रवेश पाहावा. ती कपाट उघडते, फरकोटाची बाही स्वतःच्या गालावर फिरवते आणि मग नव्या मालकिणीच्याही गालावर फिरवते. पलंगावरचा तलम झगा उचलून आत हात घालते आणि कापडातून आपला हात कसा दिसतो ते कौतुकाने दाखवते. आवाज एकदाही चढत नाही. एका बाईचं दुसऱ्या, मेलेल्या बाईवरचं झपाटलेलं प्रेम तिने त्या दोन-तीन हालचालींत उभं केलं. ते शब्दांत सांगायची सोय त्या काळच्या हॉलिवूडला नव्हती.

‘रिबेका’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ज्युडिथला सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. पुरस्कार ‘द ग्रेप्स ऑफ राथ’च्या जेन डार्वेलला गेला. पण मिसेस डॅनव्हर्स त्या पुरस्कारापेक्षा जास्त टिकली. 1964 साली ‘रिबेका’वरून बेतलेल्या ‘कोहरा’ या हिंदी चित्रपटात ही कारभारीण ललिता पवार यांनी केली. नाशिक जिल्ह्यातून आलेल्या, मूकपटात नायिका म्हणून सुरुवात केलेल्या या मराठी अभिनेत्रीलाही सिनेमाने पुढे खाष्ट बायकांच्या भूमिकांतच पाहिलं. तिनेही त्या भूमिका अशा केल्या की पिढ्यान्‌पिढ्या विसरल्या नाहीत.

‘रिबेका’नंतर हॉलिवूडची दारं उघडली खरी, पण ठराविक मापाचीच. ‘लॉरा’, ‘अँड देन देअर वेअर नन’, ‘द फ्युरीज’, ‘सलोमी’ या चित्रपटांत ती कपटी मावशी, कर्मठ म्हातारी किंवा क्रूर राणी होत राहिली. 1956च्या ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये ती राजवाड्यातली दासी मेमनेट होती आणि दिग्दर्शक होता सेसिल बी. डिमिल. ज्याच्या नावाचं ओळखपत्र घेऊन ती 1918 साली हॉलिवूडला आली होती, त्याच्या चित्रपटात काम करायला तिला 38 वर्षं लागली. दोन वर्षांनी ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’मध्ये ती बिग मामा झाली. नवऱ्याचा तिरस्कार झेलूनही त्याच्यावर माया करणारी, गडबडी, भाबडी आई. खलनायिकेचा शिक्का बाजूला ठेवला असता तर सिनेमाला या नटीकडून काय काय मिळालं असतं, याचा अंदाज या एका भूमिकेवरून येतो.

वीस ऑक्टोबर 1947

कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावी समुद्रकाठी दगडी घर बांधून राहणारा रॉबिन्सन जेफर्स हा कवी ग्रीक पुराणकथांत बुडालेला होता. त्याच्या ‘द टॉवर बियाँड ट्रॅजेडी’ या काव्यावरचा प्रयोग 1941 साली कार्मेलच्या खुल्या रंगमंचावर झाला. त्यात ज्युडिथ क्लायटेम्नेस्ट्रा होती. या ओळखीतून तिने त्याला युरिपिडीसच्या ‘मेडीआ’ची नवी संहिता लिहायला उद्युक्त केलं. त्याने ती तिच्यासाठी लिहिली आणि तिलाच अर्पण केली. 1946 साली ती छापून आली.

मेडीआची कथा अडीच हजार वर्षं जुनी. परदेशातली ही राजकन्या जेसनवरच्या प्रेमापोटी बापाशी दगा करते, भावाला मारते आणि नवऱ्यामागे ग्रीसमध्ये येते. तिथे जेसन तिला टाकून कॉरिंथच्या राजकन्येशी लग्न ठरवतो. परक्या भूमीवरची ही निराधार बाई सवतीला जाळणारं वस्त्र भेट पाठवते आणि शेवटी नवऱ्याला निर्वंश करण्यासाठी स्वतःची दोन मुलं मारते. जेफर्सने युरिपिडीसचं समूहगान कमी केलं, देवांना मागे सारलं आणि सगळा भार या एका बाईच्या अंगावर टाकला.

नाटक काढलं रॉबर्ट व्हाइटहेड आणि ऑलिव्हर रे या दोन नवख्या तरुण निर्मात्यांनी. दिग्दर्शन जॉन गिलगुडचं आणि जेसनही तोच. दाईच्या भूमिकेत फ्लॉरेन्स रीड, जी पंधरा वर्षांपूर्वी ‘इलेक्ट्रा’त ज्युडिथची आई झाली होती. 20 ऑक्टोबर 1947 रोजी न्यूयॉर्कच्या नॅशनल थिएटरमध्ये पडदा उघडला. ज्युडिथ पन्नाशीची होती. त्याच शरद ऋतूत ‘मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा’चा चित्रपट प्रदर्शित झाला आणि पडद्यावरची लॅव्हिनिया रोझलिंड रसेल होती. त्या शहरात त्या हंगामात ज्युडिथच्या दोन शोकांतिका चालू होत्या. एक तिच्याकडून घेतलेली, दुसरी तिच्यासाठी लिहिलेली.

रंगमंचावर मोठे दगडी खांब, मधोमध घराचं जड दार. मेडीआ आधी दिसत नाही, ऐकू येते. दाराआडून येणारा विलाप ऐकून दाई आणि कॉरिंथच्या तिघी बायका शहारतात, आणि मग ती खांबाला धरून बाहेर येते. या नाटकात तिला भीक मागायची असते, राजाला फसवायचं असतं, नवऱ्याशी गोड बोलायचं असतं, मुलांना छातीशी धरायचं असतं आणि मग त्यांना आत न्यायचं असतं. कुठल्याही क्षणी प्रेक्षकाने तिला फक्त राक्षसीण समजून हात झटकले की नाटक कोसळलं. ज्युडिथने तिचं क्रौर्य कमी केलं नाही. त्या क्रौर्यामागे किती अपमान साचला आहे ते दाखवलं. अ‍ॅडलेडच्या शिकवणीतली कुजबुज, स्टॉक कंपनीतला दम, ओनीलच्या नऊ अंकांतला संयम आणि लेडी मॅकबेथचा पिचलेला आवाज, तीस वर्षांत जमवलेलं सगळं तिने या एका भूमिकेत ओतलं.

214 प्रयोग झाले. आठवड्याला आठ प्रयोगांच्या हिशेबाने अशी भूमिका रोज करणं म्हणजे शरीर झिजवणं होतं. डिसेंबरात टेनेसी विल्यम्सचं ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ आलं आणि अमेरिकन अभिनयाची सगळी चालच बदलून गेली. मार्लन ब्रँडोचा, पुटपुटणाऱ्या वास्तववादाचा काळ सुरू झाला. पण 1948च्या टोनी पुरस्कारात अभिनेत्रीचा सन्मान तिघींत वाटला गेला: ‘स्ट्रीटकार’साठी जेसिका टँडी, ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’साठी कॅथरीन कॉर्नेल आणि ‘मेडीआ’साठी ज्युडिथ अँडरसन. उतरणीला लागलेली भव्य शैली आणि चढती वास्तव शैली त्या वर्षी एका पंगतीला बसल्या.

‘मेडीआ’ घेऊन ती अमेरिकाभर फिरली. 1951 साली, महायुद्धाच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या बर्लिनच्या महोत्सवात तिने हे नाटक केलं. 1955 साली ती ऑस्ट्रेलियात आली ती ‘मेडीआ’ घेऊनच. या वेळी परिस्थिती वेगळी होती. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन एलिझाबेथन थिएटर ट्रस्टने तिला बोलावलं होतं. देशाला स्वतःची रंगभूमी असावी, नाटक, ऑपेरा आणि बॅले यांना सार्वजनिक पाठबळ मिळावं, या हेतूने ही संस्था उभी राहिली होती. पहिल्याच मोठ्या निर्मितींत त्यांनी ज्युडिथला आणलं यात मोठा अर्थ होता. 1918 साली देशात तिच्यासाठी जागा नव्हती. आता देश नाट्यसंस्था उभ्या करत होता आणि त्या कामाला तिचं नाव हवं होतं. 1927 साली न मिळालेली दाद तिला या वेळी मिळाली. 1960 साली ब्रिटनच्या राणीने तिला ‘डेम’ हा किताब दिला.

दाईचा पदर

सत्तरी ओलांडली तरी ती थांबली नाही. 1970 साली, वयाच्या 73व्या वर्षी, तिने हॅम्लेट करायला घेतला. राणी नव्हे, राजपुत्र. सारा बर्नहार्टने 1899 साली हॅम्लेट केला होता. ज्युडिथलाही ही इच्छा अनेक वर्षं होती. प्रयोग न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलपर्यंत पोचला. समीक्षक कठोर झाले आणि प्रयोग फसला असंच म्हणायला हवं. पण सत्तरीत सुरक्षित आजीबाईंच्या भूमिका करत बसण्यापेक्षा जगातली सर्वांत अवघड भूमिका अंगावर घेणाऱ्या नटीचं हे धाडस तिच्या स्वभावाला धरूनच होतं.

1982 साली रॉबर्ट व्हाइटहेडने, ज्याने तरुणपणी ‘मेडीआ’ काढलं होतं त्यानेच, जेफर्सची संहिता पुन्हा ब्रॉडवेवर आणली. दिग्दर्शनही त्याचंच. मेडीआ झाली झोई कॉल्डवेल, मेलबर्नमध्ये वाढलेली, ऑस्ट्रेलियातच अभिनयाची सुरुवात केलेली. आणि दाई झाली 85 वर्षांची ज्युडिथ अँडरसन. नाटकाचे पहिले शब्द दाईचे आहेत. जेसनच्या बोटीने कधी समुद्र ओलांडलाच नसता तर बरं झालं असतं, अशा आशयाने ती बोलू लागते. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या दाराआडून स्वतःचा विलाप ऐकू येत असे, त्याच दारासमोर उभं राहून ज्युडिथ आता दुसरीचा विलाप ऐकत होती. आपली सर्वांत मोठी भूमिका नव्या पिढीच्या हाती देऊन तिच्या बाजूला दुय्यम पात्र म्हणून रोज उभं राहणं फार थोड्या नटांना जमतं. कॉल्डवेलला टोनी मिळाला, ज्युडिथला सहायक अभिनेत्रीचं नामांकन.

त्यानंतरही काम चालूच होतं. 1984च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रमालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटात ती व्हल्कन ग्रहावरची वृद्ध पुरोहित झाली. सांता बार्बरा या आपल्याच गावाच्या नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेत तिने 1987पर्यंत काम केलं. 1991 साली ऑस्ट्रेलियाने तिला आपला सर्वोच्च नागरी सन्मान, ‘कम्पॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’, दिला. 3 जानेवारी 1992 रोजी सांता बार्बरा इथे ती गेली. वय 94.

रंगभूमीवरचं काम पडदा पडताच संपतं, म्हणून नटाची खरी उंची पुढच्या पिढीला कळत नाही, असं नेहमी म्हटलं जातं. ज्युडिथ अँडरसनच्या बाबतीत हे पूर्ण खरं नाही. ‘रिबेका’ आज कुठेही सहज मिळतो आणि तो पाहून लोक तिला मिसेस डॅनव्हर्स म्हणून ओळखतात. पण 1959 साली, वयाच्या 62व्या वर्षी, तिने न्यूयॉर्कच्या टेलिव्हिजनसाठी ‘प्ले ऑफ द वीक’ या मालिकेत ‘मेडीआ’ केलं. त्याचं चित्रण टिकून आहे. 1982च्या प्रयोगाचंही चित्रीकरण झालं आहे, त्यात तिची दाई दिसते. 1959चं चित्र धूसर आहे, नेपथ्य स्टुडिओचं आहे, पण तो आवाज शाबूत आहे. मिसेस डॅनव्हर्स आवडली असेल, तर तिथे थांबू नका. ही दोन चित्रणं शोधून पाहा. हॉलिवूडने सहा वेळा वगळलेली ही ऑस्ट्रेलियन नटी विसाव्या शतकातल्या शोकांतिकेच्या पहिल्या रांगेतल्या कलावंतांपैकी होती, हे पटवून घ्यायला मेडीआ दार उघडून बाहेर येते तो एक प्रवेश पुरेसा आहे.